शंख-शिंपले वेचणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, पुळणीपासून चार मिनिटांच्या चालीवर. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत घरी पाहुणे असतात. किनाऱ्यावर हिंडून आले की अंगणातल्या नळाखाली पाय धुता धुता खिशातले शिंपले ओट्यावर ओततात आणि प्रश्न सुरू होतात. वर्षानुवर्षं तेच प्रश्न, म्हणून एकदाची उत्तरं लिहून काढली. मी प्राणिशास्त्र शिकलेले नाही. लहानपणापासून वेचत आले आणि अडलं तिथे जाणकारांना विचारत गेले, एवढंच.

वेचायला कोणती वेळ चांगली? सकाळ की संध्याकाळ?

सुकतीची वेळ. ओहोटीला आमच्याकडे सुकती म्हणतात. त्यासाठी घड्याळाच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा, म्हणजे तिथी कळेल. तिथीची पाऊणपट केली की साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन: तीन वाजता भरती आणि सहा तासांनी, नऊच्या सुमाराला, सुकती. अष्टमीला आठ पाऊणे सहा: सहाला भरती, बाराला सुकती. गावागणिक अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण पाऊणकीचा पाढा येणाऱ्याला अॅप उघडावं लागत नाही. माझ्या आजीला कोष्टक म्हणजे काय हे माहीत नव्हतं, पण कालवं काढायला निघायची वेळ तिची कधी चुकली नाही.

आता दुसरी गोष्ट. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी जास्त चढतं आणि तितकंच लांब मागे हटतं, त्यामुळे एरवी झाकलेली वाळू आणि खडपं, म्हणजे किनाऱ्यालगतचे कातळ, उघडी पडतात. अष्टमीच्या आगेमागे भांग, तेव्हा पाणी जेमतेम हलतं. म्हणून पौर्णिमा किंवा अमावास्या आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस उत्तम. द्वितीया-तृतीयेला सुकती सकाळी साडेसात ते सव्वाआठच्या दरम्यान येते, शहरातून येऊन उशिरा उठणाऱ्यांनाही ती सोयीची. सुकती पूर्ण होण्याच्या तासभर आधी पोचा आणि पाणी वळलं की तुम्हीही वळा. खडपांवर असाल तर हे विसरू नका, कारण मागच्या बाजूच्या चरातून पाणी कधी भरलं ते कळत नाही.

कुठे बघायचं? मागच्या भरतीनं वाळूवर काडीकचऱ्याची जी रेघ सोडलेली असते तिच्या कडेकडेनं चाला. हलके, पातळ शिंपले तिथे. जड शंख खाली, पाण्याच्या जवळ. खाडीच्या मुखाशी आणि खडपांच्या आडोशाला सगळ्यांत जास्त.

पावसाळ्यात आलो तर?

पाण्यात उतरायला येऊ नका. काठावरून बघायला जरूर या, कारण जांभळे शंख तेव्हाच मिळतात. जँथिना नावाची ही गोगलगाय तळाशी राहतच नाही. स्वतःच बुडबुड्यांचा तराफा करून त्याला उलटी लटकून खुल्या समुद्रात तरंगत असते. नैर्ऋत्येच्या वाऱ्यानं किनाऱ्याला येऊन पडते. कागदासारखा पातळ शंख, तळाची बाजू गडद जांभळी आणि शेंड्याची बाजू फिकट. उलटी तरंगत असल्यामुळे गडद बाजू आभाळाकडे आणि फिकट बाजू खाली असते, म्हणजे वरून पक्ष्यांना आणि खालून माशांना ती सहज दिसत नाही. दोन बोटांत धरताना जरा जोर पडला की चुरा होतो. माझ्याकडे चार आहेत, चारही कुठे ना कुठे टवका उडालेले.

हिच्याबरोबरच हिचं खाद्य येतं: निळे फुगे, म्हणजे ब्लूबॉटल. वाळूवर मरून पडलेलाही डसतो. त्याचे दोरे लांबवर पसरलेले असतात, म्हणून अनवाणी फिरू नका. डसलाच तर दोरे उघड्या हातानं न काढता, न चोळता समुद्राच्याच पाण्यानं धुवा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग धरा आणि दम लागला किंवा चक्कर आली तर थेट डॉक्टर गाठा.

या शिंपल्यांना इतकं गोल भोक कोण पाडतं? ड्रिलनं पाडल्यासारखं आहे.

हा माझा सगळ्यांत आवडता प्रश्न. तो मुलंच विचारतात, मोठ्यांना वाटतं माळ ओवायची सोय देवानं करून ठेवली आहे.

भोकाकडे नीट बघा, शक्य तर भिंग घ्या. बाहेरून तोंड रुंद आणि आत निमुळतं होत गेलंय, बशीसारखं? मग ते काम चंद्रशंखाचं. सुपारीपासून लिंबापर्यंत आकाराचा, गुळगुळीत, गोलसर शंख. हा वाळूखालून सरपटत खुब्यासारख्या शिंपल्यावर येतो आणि आपल्या रुंद मांसल पायात त्याला गुंडाळून घेतो. मग तोंडाजवळच्या ग्रंथीतून आम्लधर्मी रस सोडून कवच मऊ करायचं, जिभेवरच्या बारीक दातांनी खरवडायचं, पुन्हा रस, पुन्हा खरवडणं. असं तासन्तास चालतं आणि शिंपला जाड असेल तर दिवसभराहूनही अधिक. आरपार झालं की सोंड आत घालून मांस खातो. भोकाच्या कडा सरळ उभ्या असतील तर कारागीर बहुधा दुसरा: म्युरेक्सच्या कुळातले काटेरी शंख. तेही भोक पाडतात, पण उताराची कड ठेवत नाहीत.

मूठभर भोकवाले शिंपले घेऊन शेजारी शेजारी मांडा. बहुतेक भोकं बिजागरीच्या जवळ, जवळपास त्याच जागी दिसतील.

आणि सुकतीला वाळूवर कधी रबरी पट्टीसारखी, वाळूचीच बनलेली अर्धगोल कॉलर दिसली तर कचरा समजून लाथ मारू नका. ती चंद्रशंखाच्या मादीनं घातलेली अंडी असतात, वाळू आणि चिकट द्रव यांच्यात बसवलेली.

आपल्या किनाऱ्यावर साधारण काय काय सापडतं?

तिसऱ्या, खुबे, मुळे, कालवं, शिणाणे. ही नावं मी बाजाराची सांगतेय, शास्त्राची नाहीत. आणि गाव बदललं की नावंही सरकतात: एका खाडीतल्या तिसऱ्या दुसऱ्या खाडीत खुबे होतात. त्यावरून माझं आणि मालवणच्या नणंदेचं अजून एकमत झालेलं नाही. तिसऱ्यांची एकशिपी खाल्ली असेल तर तिचे शिंपले तुम्ही आधीच ओळखता. स्वयंपाकघरामागचा ढीग हा सगळ्यांत सोपा संग्रह.

वाळूच्या पुळणीवर बटणशंख पुष्कळ. नखाएवढा, चपटा, तुळतुळीत. राखाडी, गुलाबी, तपकिरी, पट्ट्यांचा, ठिपक्यांचा. दोन बटणं अगदी सारखी मिळवून दाखवा म्हणून मी पोरांना कामाला लावते, तासभर घरात शांतता असते. स्क्रूसारखा लांबुडका, पीळदार तो टरिटेला. पांढऱ्यावर तपकिरी डाग आणि पायऱ्यापायऱ्यांचा शेंडा तो बॅबिलोनिया.

पांढरी, होडीच्या आकाराची, खडूसारखी हलकी वस्तू म्हणजे समुद्रफेस. पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात ती. नावात फेस असला तरी ते माकुळाच्या नात्यातल्या कटलफिशच्या आतलं कवच आहे, म्हणजे तोही एका अर्थानं शिंपलाच.

जरा खोल पाण्यातले शंख हवे असतील तर बंदरावर जाळी झाडतात तिथे किंवा रापण ओढून झाल्यावर उभे राहा. न विचारता हात घालू नका. विचारलंत तर बहुतेक वेळा हसत देतात.

शंख रिकामा आहे की आत कोणी आहे, हे कसं ओळखायचं?

तोंडाकडे बघा. नखासारखं किंवा चुनखडीचं झाकण घट्ट बसलेलं असेल तर मालक घरी आहे. झाकण नाही, तरी घाई नको. समुद्राच्या पाण्याच्या छोट्या डब्यात शंख ठेवा आणि दहा मिनिटं न हलवता बघत बसा. पाय किंवा नांगी बाहेर आली तर जिथून उचललात तिथेच ठेवून या. शिंपल्याचं आणखी सोपं: दोन्ही झडपा घट्ट मिटलेल्या म्हणजे जिवंत असणार असं धरून चाला.

नांगी बाहेर आली तर तो हर्मिट क्रॅब, भाडेकरू खेकडा. त्याच्या पोटाला स्वतःचं कवच नसतं. रिकामा शंख शोधून त्यात राहतो आणि वाढला की मोठ्या घरात जातो. कधी कधी एका मोठ्या शंखाभोवती असे अनेक खेकडे जमतात. पहिला त्यात शिरला की त्याच्या रिकाम्या घरात दुसरा, दुसऱ्याच्या घरात तिसरा. चाळीत खोल्या बदलाव्यात तसं. एकदा आमच्या खडपांवर हे बघत मी इतकी रमले की चप्पल वाहून गेली.

एका पाहुण्यांनी असा बंद शंख बॅगेत घालून पुण्याला नेला. तिसऱ्या दिवशी फोन: "गाडीत काहीतरी मेलंय, तुमच्याकडे सुकट बांधून दिली होती का?" सुकट दिली नव्हती.

यातलं विषारी काही असतं का?

असतं. कोन शंख. आइस्क्रीमच्या कोनासारखा आकार, वर सुंदर नक्षी, निमुळत्या टोकाला सोंड. जिवंत कोन विषाचा बाण मारून शिकार करतो. आपल्या किनाऱ्यावरचे बहुतेक कोन किडे-गोगलगायी खाणारे, पण मासे खाणाऱ्या काही जातींच्या, विशेषतः जिओग्राफी कोनच्या, विषानं माणसं दगावलेली आहेत. प्रवाळाच्या समुद्रात, लक्षद्वीप-अंदमानला जाणाऱ्यांनी तर हे पक्कं लक्षात ठेवावं. रुंद बाजूनं धरलं की सुरक्षित, असं ऐकलं असेल. सोंड मागेपर्यंत पोचते, विसरा ते. कोन शंखांच्याच विषाचा अभ्यास करून बनवलेलं झिकोनोटाइड हे वेदनाशामक 2004 साली अमेरिकेत मंजूर झालं.

शंख-शिंपले नेणं गुन्हा आहे का?

वाळूवर पडलेले साधे रिकामे शिंपले मूठभर उचलले म्हणून कोणी धरत नाही. पण 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या याद्यांमध्ये 2001 साली काही शंख-शिंपले आले आणि ते संरक्षण जिवंत-मेलेल्या दोन्हींना आहे. हॉर्न्ड हेल्मेट, ट्रायटन म्हणजे मोठा तुतारी शंख, नॉटिलस, जायंट क्लॅमच्या काही जाती, ग्लोरी ऑफ इंडिया हा कोन. प्रवाळ, समुद्रपंखा आणि समुद्रघोडाही त्याच वेळी आले. पुढे 2022च्या दुरुस्तीनं याद्यांची फेरमांडणी झाली, ती 1 एप्रिल 2023पासून लागू आहे. म्हणून विकत घेण्याआधी ताजी यादी बघावी. किनाऱ्यावर पांढरा प्रवाळाचा तुकडा सापडला तर फोटो काढून तिथेच ठेवा.

मालवणच्या सागरी अभयारण्याची गोष्ट वेगळी. ते 1987 साली जाहीर झालं, क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर. अभयारण्य म्हटल्यावर तिथून परवानगीशिवाय काही उचलायचं नाही, मग तो शिंपला कितीही साधा असो.

आणि दुकानांतल्या चकाकत्या शंखांबद्दल माझं मत विचारलंत म्हणून सांगते. पर्यटनस्थळी टोपलीत मांडलेले शंख बहुधा त्या किनाऱ्याचे नसतातच. ते दूरच्या समुद्रातून आलेले असतात आणि इतकी तकाकी असेल तर बहुतेक वेळा जिवंत पकडून साफ केलेले. लाटांनी आणलेल्या शंखाला ओरखडा असतोच.

पण मूठभर नेल्यानं खरंच काय बिघडतं?

एकट्यानं नेल्यानं काही नाही. स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावरच्या एका पुळणीवर संशोधकांनी तीस वर्षांच्या अंतरानं शिंपले मोजले. मधल्या काळात पर्यटक जवळपास तिप्पट झाले आणि शिंपले साठ टक्क्यांहून अधिक घटले. वेचणारे हात, वाळू सपाट करणारी यंत्रं, असं सगळं त्यात धरलं होतं. रिकामे शिंपले खेकड्यांना घर देतात, शेवाळाला आधार देतात, झिजून त्यांची पुन्हा वाळू होते.

आमच्या घरचा नियम: माणशी एक ओंजळ, तीही घरी येऊन निवडायची. उरलेले संध्याकाळी पुन्हा पुळणीवर. मुलं सुरुवातीला रडतात. मग कुठला ठेवायचा यावर जी चर्चा रंगते, ती ऐकायला मी मुद्दाम ओट्यावर जाऊन बसते.

साफ कसे करायचे? वास जातच नाही.

गोड्या पाण्यात दोन दिवस भिजत घाला, पाणी रोज बदला. मग जुन्या टूथब्रशनं घासा आणि सावलीत वाळवा. आत मांसाचा तुकडा राहिला असेल तर पाच मिनिटं उकळा आणि सुईनं किंवा आकड्यानं फिरवत काढा. तरी वास राहिला तर आठवडाभर बाहेर ठेवा, मुंग्या काम चोख करतात.

व्हिनेगर, लिंबू, चिंच, टॉयलेट साफ करायचं ॲसिड यांतलं काहीही नको. शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे एका अर्थी चुनखडीच. आम्ल लागलं की फसफसतो आणि वरची नक्षी पहिल्यांदा जाते. पितळेची भांडी चिंचेनं घासायची सवय असलेल्या माझ्या मावशीनं एक सुंदर बॅबिलोनिया असाच उजळून दिला होता, खडूसारखा पांढरा.

चमक हवी तर बेबी ऑइलचा एक थेंब फडक्यावर घेऊन पुसा. खोबरेल नको, खवट होतं.

कपाटातल्या शिंपल्यांवर पांढरी भुकटी का धरते?

लाकूड, प्लायवूड आणि पुठ्ठ्यातून हळूहळू आम्लाची वाफ सुटते. ती शिंपल्याला लागून पृष्ठभागावर क्षार धरतात. संग्रहालयांतही हाच त्रास होतो, त्याला बाइन्स डिसीज म्हणतात. रोग म्हणतात, पण जंतू वगैरे कोणी नसतो. कोकणातली दमट हवा आगीत तेल. घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे डबे, आत सिलिका जेलची पुडी. कापूस किंवा कागद घालायचा तर आम्लमुक्त. मी प्लायवूडच्या खोक्यात सहा वर्षं जपलेले शंख गमावल्यावर हे शिकले.

डब्यात चिठ्ठी हवीच: जागा, तारीख, वाळू की खडप. चिठ्ठी नसलेला शंख दिसायला कितीही देखणा असो, अभ्यासाच्या कामाचा नाही.

दक्षिणावर्ती शंख घ्यायचा आहे. खरा कसा ओळखायचा?

आपला पूजेचा शंख म्हणजे टर्बिनेला पायरम, मन्नारच्या आखातातला आणि कच्छकडचा. त्याच्यात उलट्या पिळाचा क्वचितच निघतो, म्हणून एवढा भाव. बाजारात दक्षिणावर्ती म्हणून मिळणारे पुष्कळ शंख मुळात अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे लाइटनिंग व्हेल्क असतात. ती जातच उलट्या पिळाची, म्हणजे तिथे ते रोजचं.

ओळख सोपी आहे. शंखाच्या तोंडात, मधल्या खांबावर बोट फिरवा. टर्बिनेलाला तीन-चार ठसठशीत आडव्या वळ्या लागतात. व्हेल्कचा खांब गुळगुळीत. दुकानदार बोट घालू देत नसेल तर उत्तर मिळालंच.

कवड्या आपल्याकडे मिळतात?

कातळी किनाऱ्यावर मिळतात, पण कमी, आणि बऱ्याचदा झिजलेल्या. कवडीची तकाकी जिवंतपणी तिच्या अंगावरून येणाऱ्या मांसल पडद्यामुळे टिकते. मेल्यावर लाटा वरचा थर घासतात आणि खालचा जांभळट रंग दिसू लागतो. चलनातल्या कवड्या प्रामुख्यानं मालदीवच्या. फुटक्या कवडीला किंमत नाही, कवडीमोल, कवडीचुंबक हे सगळे शब्द त्या व्यवहाराचे. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातल्या माळांच्या कवड्या बाजारातून येतात. त्यासाठी आमच्या खडपांवर शोधत बसू नका.

गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत शिंपले बसवलेले असतात, ते कुठले?

प्लाकुना नावाच्या चपट्या शिंपल्याचे. अभ्रकासारखा पातळ, उजेड झिरपू देणारा. काच महाग होती तेव्हा चौकोनी कापून लाकडी चौकटीत सरकवत. हा शिंपलाही आता संरक्षित आहे, तेव्हा जुनी खिडकी कोणी मोडत असेल तर आधी ती वाचवा.

शंख कानाला लावला की समुद्र ऐकू येतो, ते काय?

तुमच्याच भोवतीचा आवाज आत घुमतो. रिकामा पेला लावून बघा, समुद्र तिथेही आहे.

शंखांची ओळख पटवायला कुठे जायचं?

रत्नागिरीत झाडगावला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. तिथलं मत्स्यालय आणि संग्रहालय बघून मग किनाऱ्यावर जा, डोळ्यांना फरक जाणवेल. मुंबईत मरिन लाइफ ऑफ मुंबई हा गट 2017पासून किनाऱ्यावर फिरवून जीव दाखवतो.

तुमच्याकडचा सगळ्यांत मौल्यवान कोणता?

एक साधा खुबा, फुटका, राखाडी. विकायला गेलात तर कोणी घेणार नाही. त्याच्यावर बिजागरीजवळ चंद्रशंखानं सुरू केलेलं भोक आहे, कड अगदी रेखीव, पण ते आरपार गेलेलं नाही. जवळच दुसरं एक, तेही अर्धवट. दोन्हीनंतर खुबा वाढत राहिला, त्याच्या वाढीच्या रेघा पुढे गेलेल्या दिसतात. शेवटी कशानं मेला ते त्याच्यावर लिहिलेलं नाही. तो माझ्या चष्म्याच्या जुन्या घरात असतो, मागितलात तर दाखवीन. मुलं त्या खळग्यात करंगळीचं नख घालून बघतात.